एक हजार चोवीस आठवडे

जव्हारच्या एसटी डेपोसमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर एकच खोली आहे, तिथे हेमंत बसायचा. दारावर पाटी संस्थेची होती, पण गावात तिला सगळे 'मोजणीवाल्याची खोली' म्हणत. ज्यांनी वनजमिनीवर हक्काचे दावे केलेत, त्यांच्या प्लॉटची हद्द मोजून नकाशा काढून द्यायचा, हे त्याचं काम. बाप प्राथमिक शिक्षक. त्याच्याकडून पोराला दोन गोष्टी मिळाल्या होत्या: सुबक अक्षर, आणि चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय अन्न गोड न लागणं. पहिली कुणाच्या उपयोगी पडली नाही. दुसरीने काय केलं तेच सांगायचं आहे.

मोजणीसाठी त्याच्याकडे एक डबी होती. साबणाच्या वडीएवढी, काळी, तिला पडदा नाही, बटण एकच. उपग्रहांचे संदेश ऐकायचे आणि दर सेकंदाला आपण कुठे आहोत ते पोटात लिहून ठेवायचं, एवढंच तिला यायचं. कुणीतरी २००९ साली नवी घेऊन संस्थेला दिलेली. तिच्याबरोबर आलेली सीडी केव्हाच निकामी झाली होती, पण हेमंतचं काही अडलं नाही. लॅपटॉपला वायर जोडायची, काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची. एका कमांडीने डबी पोट रिकामं करायची, दुसरीने त्यातून हद्दीची रेघ निघायची, तिसरीने तारीख सुधारायची.

तारखेची भानगड अशी. उपग्रह डबीला आठवड्यांचा आकडा सांगतात, पण एक हजार चोवीस आठवडे भरले की तो पुन्हा शून्य. जुन्या स्कूटरचं मीटर फिरून शून्यावर येतं ना, तसंच. नव्या यंत्रांना हे कळतं, जुन्यांना कळत नाही. त्यामुळे हेमंतची डबी बिचारी वीस वर्षं मागे राहिली होती. तिच्या लेखी २०२५चा जुलै म्हणजे २००५चा डिसेंबर. वार मात्र बरोबर, वेळही सेकंदाला बरोबर. फक्त प्रत्येक तारखेत एक हजार चोवीस आठवडे मिळवायचे की झालं. हेमंतच्या हाताला त्या कमांडीची इतकी सवय झाली होती की ती टाइप करताना तो चहा पीत असे.

वांगणीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत खडकीचा पाडा आहे. तिथल्या फागीबाईचा दावा त्या महिन्यात पुढे आला. अडीच एकराचा उताराचा तुकडा, त्यात नागली आणि वरई. तेवढ्यावर ती एकटी बाई जगत होती. दावा होता नवऱ्याच्या, लाडक्याच्या नावावर, आणि लाडक्या वीस वर्षांपासून बेपत्ता. तालुका समितीची नोटीस आली: तीस जुलैला सुनावणी, मोजणीचा नकाशा द्यावा, दावेदाराने समक्ष हजर राहावे अथवा मृत्यूचा दाखला जोडावा. नाहीतर दावा फेटाळणार.

दाखल्यासाठी काय काय करावं लागतं ते हेमंतने तिला आधीच समजावलं होतं. कोर्टात अर्ज द्या, एवढी वर्षं माणसाचा पत्ता नाही म्हटल्यावर मेला असं धरतात, आम्ही वकील देतो.

"मेला म्हनून मी अंगठा नाय देनार," फागी म्हणाली होती. "मी त्याला मेलेला बघितला नाय."

"मावशी, जमीन जाईल."

"जाईल तं जाईल."

पण जमीन गेली तर ती काय खाणार, हे तिलाही ठाऊक होतं. हेमंतला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. निदान नकाशा तरी चोख करून देऊ, असं त्याने ठरवलं.

रिवाज असा की हद्दीवरून दावेदाराने किंवा त्याच्या घरच्याने स्वतः चालायचं, डबी त्याच्याच हातात, मागे ग्रामसमितीचा माणूस आणि दोन पंच. सोमवारी, एकवीस तारखेला, फागी बांधाबांधाने चालली. ग्रामसमितीचे देवजीभाऊ तिच्या मागे होते. मंगळवारी सकाळच्या गाडीने ते डबी घेऊन जव्हारला आले. छत्री निथळत होती, चपला हातात होत्या.

"वीस मिनिटांत झाली बघ मोजनी," ते म्हणाले. "पाऊस असला का तुझी डबी पन भिजली असंल."

"तिला काही होत नाही. नंतर बंद केली होती ना?"

"लगेच. घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवली. पेटीला कुलूप."

देवजीभाऊ बाजारात गेले. हेमंतने वायर जोडली, कमांड दिली, आकड्यांच्या ओळी स्क्रीनवरून धावू लागल्या. त्यातून एक रेघ निघाली, सकाळी दहा चाळीस ते अकरा, वीस मिनिटं, अडीच एकराभोवती. झकास. मग त्याला दिसलं की फाईलमध्ये आणखी एक रेघ आहे.

दुसरी रेघ दुपारी दोनची होती, दोन तासांची. त्या वेळी डबी बंद होती आणि पत्र्याच्या पेटीत होती.

हेमंत वैतागला, घाबरला नाही. डबी नुसती पडून असली तरी कधीकधी जागच्या जागी भरकटते, गुंतलेल्या दोऱ्यासारखी रेघ काढते. हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. पण ही रेघ गुंतलेली नव्हती. ती गोल होती. प्लॉटच्या बरोबर मध्यावर, आठ पावलं रुंद असं एक वर्तुळ. त्यावर पुन्हा वर्तुळ, पुन्हा वर्तुळ. त्याने मोजली, तीनशेच्या पुढे गेली. वेग पाहिला. माणसाच्या चालीपेक्षा कमी होता.

बाप शिक्षक असला तरी त्याचं आजोळ शेतकऱ्याचं होतं. तिथे बसून त्याने ही चाल लहानपणी पाहिली होती. मध्ये रोवलेली मेढ, मेढीभोवती फिरणारे बैल, पायाखाली कणसं. मळणीची चाल होती ती. जुलैमध्ये, भर पावसात, जिथे आता गुडघाभर चिखल आहे तिथे.

त्याने उठून खिडकी लावली. मग पुन्हा बसला आणि शहाण्या माणसाने करावं ते केलं. डबी नुसती जागा लिहीत नाही, कोणता उपग्रह आकाशात कोणत्या दिशेला किती उंच आहे तेही लिहिते. ती यादी काढायची कमांड त्याने दिली. सकाळच्या रेघेतले उपग्रह कालच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिले. सगळे जिथल्या तिथे. दुपारच्या रेघेतले पाहिले. एकही जुळेना.

उपग्रहांची जुनी वेळापत्रकं इंटरनेटवर वर्षवार ठेवलेली असतात. त्याने डिसेंबर २००५चं उतरवलं. सोमवार, पाच डिसेंबर.

सगळे जुळले. एकूण एक.

पहिली रेघ २०२५ची होती आणि डबी तिला चुकून २००५ म्हणत होती. दुसरीला २००५ म्हणत होती आणि चुकत नव्हती. डबी जन्माला यायच्या चार वर्षं आधीचं आकाश तिच्या पोटात होतं.

देवजीभाऊ संध्याकाळच्या गाडीआधी वर डोकावले तेव्हा हेमंत म्हणाला, "मोजणीत जरा गडबड आहे. गुरुवारी मी स्वतः येतो."

गुरुवारी मोटारसायकल त्याने वांगणीला ठेवली, पुढे रस्ता वाहून गेला होता. फागी बांधावर उभी होती, डोक्यावर पानांचं इरलं, पायात काही नाही. त्याने डबी चालू करून तिच्या हातात दिली आणि मागे चालू लागला. वरून पाऊस नुसता ओतत होता. देवजीभाऊ आणि दोन्ही पंच मागे घसरत, शिव्या देत येत होते.

हद्द संपता संपता फागी थांबली. प्लॉटच्या मध्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि मग एक पाऊल मागे सरकली, वाटेत गुरं आली की माणूस सरकतो तशी.

"काय झालं मावशी?"

"काय नाय."

हेमंतला वास आला. सुक्या पेंढ्याचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा. नाकात बारीक फोल गेल्यासारखं होऊन त्याला शिंक आली. आजूबाजूला सगळं ओलंचिंब होतं.

"तिथं खळं होतं का हो?" त्याने विचारलं.

"तिथंच. मळनी चालू होती. मी दुपारची भाकर घेऊन आले तं बैल उभे. मानूस नाय. कांबळी मेढीला टांगलेली."

"कोणता दिवस होता?"

"ते कागदात हाय. तूच वाचलंस."

त्याने वाचलं होतं. दाव्याच्या फाईलमध्ये पोलिसातल्या नोंदीची प्रत होती: लाडक्या बुध्या, वय चौतीस, दिनांक आठ डिसेंबर २००५, गुरुवार. हेमंत पावसात उभा राहून मनातल्या मनात आठवडे मोजू लागला. डबीच्या लेखी आज तीच तारीख होती. त्याने कुणालाही काही सांगितलं नाही. सांगून करणार काय? डबी बंद केली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली, खिशात घातली आणि पाय उचलले.

शुक्रवारी दुपारी तालुक्याच्या कचेरीतून फोन आला. नकाशा पाच वाजेपर्यंत मेल करा, मग साइट बंद. चार वाजून गेले होते. वीज सकाळपासून गेलेली, लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के. त्याने वायर जोडली आणि डबी रिकामी केली.

पुन्हा दोन रेघा. पहिली काल सकाळची, हद्दीची. दुसरी दुपारी दीडपासून, वर्तुळावर वर्तुळ. मग तीन वाजून बारा मिनिटांनी वर्तुळ सुटत होतं. रेघ मेढीपासून सहा पावलं बाजूला येत होती आणि संपत होती. बंद केल्याची खूण नाही, उपग्रह हरवल्याची खूण नाही. पुढची ओळच नाही. फाईलमध्ये एकूण सात हजार तीनशे एकेचाळीस ओळी.

आता दुरुस्ती. इथे हेमंतचा हात थांबला, खोटं कशाला बोला. त्याला नीट कळत होतं की दुरुस्ती पहिल्या रेघेला हवी आहे, दुसरीला नको. दुसरीची तारीख खरी आहे. दोन्ही वेगळ्या करायला दोन मिनिटं लागली असती. पण ती कमांड अख्ख्या फाईलला लागते, बॅटरी सहा टक्क्यांवर आलेली, आणि मुख्य म्हणजे त्याला भीती वाटत होती. सगळ्या तारखा एकसारख्या झाल्या की ही दुसरी रेघही कालचीच एखादी साधी चूक होऊन जाईल, असं त्याला वाटलं. चूक म्हटलं की तो तिला घाबरत नसे.

त्याने एक हजार चोवीस आठवडे मिळवले आणि एंटर दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं: सात हजार नऊशे सहा ओळी.

त्याने पुन्हा वाचलं. दुरुस्तीने तारखा बदलतात, ओळी वाढत नाहीत.

त्याने दुसरी रेघ काढली. सगळीकडे तारीख आता चोवीस जुलै २०२५. वर्तुळं, मग तीन बाराला सुटलेलं वर्तुळ, मग ती सहा पावलं. आणि तिथून पुढे रेघ चालू.

ती थोडा वेळ एका जागी थांबली होती. मग पुन्हा त्या वर्तुळाच्या जागी गेली. तिथे घोटाळली, इकडे, तिकडे. मग बांधावरून खाली उतरली, ओहोळ जिथे पूर्वी ओलांडायचे तिथे ओलांडला, आणि पाड्याकडे निघाली.

शेवटचा बिंदू एका घरावर होता. ते घर कुणाचं हे बघायला त्याला नकाशा लागला नाही.

त्याने देवजीभाऊंना फोन लावला. रेंज नव्हती. मग त्याने उलटी कमांड दिली, एक हजार चोवीस आठवडे वजा. तारखा निमूटपणे मागे गेल्या. ओळी सात हजार नऊशे सहाच राहिल्या. बॅटरी संपायच्या आत त्याने हद्दीची रेघ तेवढी वेगळी करून, तिचीच तारीख सुधारून मेल केली, आणि लॅपटॉप मिटून बराच वेळ त्यावर हात ठेवून बसला.

शनिवार ते मंगळवार खडकीकडची वाट बंदच होती. तीसला सकाळी तो कचेरीत पोचला तेव्हा व्हरांडा माणसांनी भरला होता. छत्र्या, इरली, प्लास्टिकचे कागद. फरशीवर पाण्याची थारोळी झालेली. देवजीभाऊ पायरीवरच भेटले. एरवी बडबड्या माणूस, पण आज त्यांनी हेमंतकडे पाहिलंही नाही.

"दावेदार आलाय," ते म्हणाले.

"कोण दावेदार?"

"तुला काय सांगू बाबा. तूच बघ."

व्हरांड्याच्या टोकाला, बाकावर, एक माणूस पाठमोरा बसला होता. अंगात जुना लोकरीचा स्वेटर. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती, एवढ्या गर्दीतही. केस कोरडे. पाय बाकाखाली दुमडलेले, टाचांना भेगा, आणि घोट्यापर्यंत पांढरी धूळ. हेमंतने आजूबाजूच्या सगळ्यांचे पाय पाहिले. चिखल, चिखल, चिखल. तो पुढे गेला नाही. त्याला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

नाव पुकारलं गेलं. फागी उठली, तो माणूस उठला, दोघं आत गेले. हेमंत नकाशाची प्रत घेऊन दारापाशी उभा राहिला.

"लाडक्या बुध्या?"

"हां."

"कागदावर वय चौपन्न," टेबलामागचे साहेब मान वर करून म्हणाले. "वाटत नाही हो. आम्हालाही सांगा काय खाता ते."

दोघंतिघं हसले. तो माणूस हसला नाही. पंचांनी ओळख पटवली. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, त्याच्या बरोबरीने वाढलेले. दोघांचेही आवाज खोल गेले होते. रजिस्टर पुढे आलं. अंगठा उठला. हेमंतने दिलेला नकाशा फाईलला लागला, कुणीतरी 'शिफारस' म्हणालं, कारकुनाने शिक्का मारला. पाच मिनिटांत फागीची अडीच एकर जमीन फागीची झाली.

बाहेर आल्यावर तो माणूस पुन्हा बाकावर जाऊन बसला. फागी सरळ हेमंतकडे आली. सहा दिवसांत बाई पार खंगली होती.

"दादा, तू त्या डबीत काय केलंस?"

"तारीख सुधारली, मावशी."

"ती मागं घे."

"घेऊन पाहिली. तारीख मागे जाते. बाकीचं जात नाही. पण जमीन झाली ना तुमची?"

"झाली." तिने पदराने डोळे पुसले नाहीत, पदर नुसता तोंडावर धरला. "जेवतो. झोपतो. सकाळ झाली का माळावर जातो, बैल शोधतो. तोच हाय रे तो. मना काय तो वळखू येनार नाय? हाताला बाभळीचा वण हाय, तो पन तिथंच. बुबुळ पन तसंच. मीच म्हातारी झाले."

हेमंतने बाकाकडे पाहिलं.

"मी त्याला सांगितलं, मी फागी. तं हसतो. मना आये म्हनतो. आणि अर्धी भाकर झाकून ठेवतो रोज. म्हनतो, फागी भाकर घेऊन माळावर आली असंल, चुकामूक झाली, उपाशी येल."



बाकावरच्या माणसाने मान वळवली नाही. चांगला खणखणीत, तरण्या माणसाचा आवाज होता.

"आये, चाल ना. ती घरी येऊन बसली असंल."

"आले रं," फागी म्हणाली, आणि इरलं उचलून त्याच्या मागे चालू लागली.